माईकवरचा आवाज

“गाण्याचे शब्द सांगा,” फौजदार म्हणाले. “नुसतं ‘अश्लील’ लिहून कायद्यापुढे चालत नाही.”

पंढरीनाथांचे कान तापले. गिरगाव सोडून त्यांनी राई गावाच्या कडेला नव्या इमारतीत घर घेतलं ते शांततेसाठी. आणि काल खालच्या मांडवात हळदीला बायका लाऊडस्पीकरवर नको नको ते गात होत्या. सकाळी उठून ते तडक भाईंदरच्या चौकीत आले होते.

समोर बाकावर सरूबाई बसली होती, वधूची आई. हात कोपरापर्यंत पिवळे. संध्याकाळी लग्न, आणि ही इथं. “माईकवर मीच व्हते,” एवढंच ती बोलली होती.

पंढरीनाथ खाकरले. “‘व्याही आला मांडवात, धोतर सुटलं दारी…’ पुढचं मला म्हणवत नाही.”

“पुढचंच लागेल. धोतर सुटणं हा गुन्हा नाही.”

लिहून घेणाऱ्या हवालदारानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

“पुढची ओळ मी सांगते,” दारातून आवाज आला. नीलिमा, पंढरीनाथांची बायको, धापा टाकत उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि सरळ गायलीच, “‘विहीण म्हणं ऱ्हाऊ द्या, घाई मलाबी भारी.’”

हवालदाराला हसू आवरलं नाही.

“तू काल भजनाला गेली होतीस ना?” पंढरीनाथांनी विचारलं.

“मांडवात गेले होते. साहेब, माईकवर मी होते. सरूबाई माझ्यापायी खोटं बोलतेय. तिला सोडा, घरी पाहुणे आलेत.”

“कशाला बोललीस गं,” सरूबाई पुटपुटली. “मी निभावलं असतं.”

पंढरीनाथ बायकोकडे बघत राहिले. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी नीलिमाचं ऐकलं होतं ते फक्त स्वयंपाकघरातलं गुणगुणणं. तेही त्यांची चाहूल लागली की थांबायचं. काल खिडकीतून आलेला तो मोकळा, खणखणीत आवाज त्यांना ओळखूच आला नव्हता.

“हे बघा,” फौजदार म्हणाले, “गाण्याचा कोणाला तरी त्रास झाला, तरच गुन्हा होतो. यांच्या आवाजाचा तुम्हाला त्रास झाला, असं लिहू?”

पंढरीनाथांनी हवालदारासमोरचा तक्रारीचा कागद स्वतःकडे ओढला.

“नका लिहू,” ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. “संध्याकाळी लग्नात गाणार असशील, तर मलाही घेऊन चल.”