तीन पडद्यांवरचा बगळा

“हाही पिवळाच,” ती म्हणाली आणि तिसरा लॅपटॉप तिनं पुढे सरकवला.

काउंटरवर तीन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते. दुकानातले महागातले महाग. तिन्हींवर तिच्या पेनड्राइव्हमधला एकच फोटो होता, पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा. तिला तिन्ही बगळे चहाच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखे दिसत होते.

आठ दिवसांत ती चौथ्यांदा इथं आली होती. दुकानातल्या विक्रेत्या बाईंना तिच्या अटी तोंडपाठ झाल्या होत्या. पडदा सोळा इंचांचा, चकाकणारा नको. मेमरी भरपूर. शंभर मोठे फोटो एकदम उघडले तरी पंखा घरघरता कामा नये. वजनाचं काही नाही, बॅटरीचंही नाही. रंग मात्र खरा हवा. तिथंच सगळं अडत होतं.

रंगावरच तिचं पोट होतं. पुस्तकांत छापायच्या फोटोंचे रंग ती दुरुस्त करून द्यायची. एकवीस वर्षं. आधी एका छापखान्यात नोकरी, आणि गेली नऊ वर्षं स्वतःचं स्वतः, घराच्या मागच्या खोलीत. या धंद्यातले बाकीचे लोक रंग मोजायला यंत्र ठेवायचे. तिनं ते कधी घेतलं नाही. “माझे डोळे काय मी गहाण ठेवलेत?” असं म्हणायची. आणि तिच्या डोळ्यांबद्दल कधी कुणाची तक्रारही नव्हती.

मागच्या आठवड्यात प्रकाशकांचा फोन आला. पाणपक्ष्यांचं मोठं पुस्तक होतं. दोनशे फोटो, फोटोग्राफरनं सात वर्षं चिखलात बसून काढलेले.

“ताई, बगळे निळे का झालेत?”

“तुमचा पडदा तपासून घ्या.”

“घेतला. फोटोग्राफरनंही त्याच्याकडे उघडून पाहिलं. निळेच. तो म्हणाला, हे पक्षी मी काढलेलेच नाहीत.” मग प्रकाशक मुद्द्यावर आले. “पुढच्या सोमवारी सकाळी फाइली छपाईला जाणार. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, काम दुसरीकडे देतो.”

फोन ठेवून तिनं हिशेब मांडला. दोघं एकच सांगतायत, म्हणजे आपलाच लॅपटॉप खोटं दाखवतोय. सहा वर्षांचा जुना. पडदा गेला असणार. तेव्हापासून तिला चैन म्हणून नव्हती. भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून ती फोनवर लॅपटॉपची माहिती वाचायची. एक पसंत करायची, तासाभरात नापसंत करायची. आज शनिवार उजाडला तरी तिचं काही ठरत नव्हतं.

“मॅडम, मला तिन्ही पांढरेच दिसतायत,” विक्रेत्या बाई म्हणाल्या. “कंपनीच्या माणसानं सकाळी यंत्र लावूनही पाहिलंय.”

“तुम्हाला दिसतील हो. माझी नजर यात मुरलेली आहे.”

तिनं वरचा दिवा बंद करायला लावला. लॅपटॉप काचेच्या दाराकडे पाठ करून ठेवले. उजेड वाढवला, कमी केला. पुन्हा तेच.

तिचा नवरा इतका वेळ स्टुलावर बसून होता. तो सुतार. हातातलं काम टाकून आला होता, भुवयांत अजून भुसा होता. आता तो उठला, काउंटरपाशी वाकला, आणि फळीची कड बघावी तसा एक डोळा मिटून त्यानं तिन्ही लॅपटॉपांवरून नजर फिरवली.

“मला तर तिन्ही सरळ वाटतात,” तो म्हणाला. “घे कुठलाही.”

बाईंना हसू आवरेना. तिचं डोकं मात्र फिरलं.

“ही काय रंधा मारायची फळी आहे? असा एक डोळा मिटून रंग कळत असता ना...” आणि त्याची नक्कल करायला तिनं आपला उजवा डोळा मिटला.

वाक्य तिथंच राहिलं.

तिन्ही बगळे पांढरेशुभ्र झाले होते.

तिनं डोळा उघडला. पिवळे. मिटला. पांढरे. मग डावा मिटून पाहिलं, तर भिंती, छत, नवऱ्याचा शर्ट, सगळं दुकानच जुन्या कागदासारखं दिसायला लागलं.

“काय गं, काय झालं?”

पडद्यावरचा फोटो फोटोग्राफरनं दिला तसाच होता; पेनड्राइव्हमध्ये तिनं दुरुस्त केलेलाही होता. तो तिनं उघडला आणि उजव्या डोळ्यावर तळहात धरला. पंखांवर लख्ख निळी झाक होती. पिवळं दिसतंय म्हणून ते मारायला ती फोटोमागून फोटोत निळं मिसळत गेली होती.

“घरच्या लॅपटॉपला काही झालेलं नाही,” ती हळूच म्हणाली. “डोळा गेलाय माझा.”

नवऱ्यानं तिचा दंड धरला. “गेला-बिला नाही. चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे.”

“आमच्या आईला अगदी असंच व्हायचं,” बाई म्हणाल्या. “मोतीबिंदू निघाला. काढल्यावर सगळं स्वच्छ दिसायला लागलं. घाबरू नका, मॅडम.” मग जरा घुटमळत त्यांनी विचारलं, “मग हे आत ठेवू, की यातला एखादा बांधून देऊ?”

मग तिनं नवऱ्याच्या खिशातला रुमाल ओढून काढला, त्याची पट्टी केली, उजव्या डोळ्यावर धरली आणि बाईंकडे पाठ केली.

“लॅपटॉप नको. हा डोळा तेवढा घट्ट बांधून द्या,” ती म्हणाली. “डॉक्टरकडे सोमवारी दुपारी जाईन. तोवर दुसरा डोळा कामावर आहे.”