दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. रोज मास्तर तिथे बसायचे आणि घाम फुटलेल्या नवशिक्याला सांगायचे, "घाबरू नका, ब्रेकवर माझा पाय आहे."

रविवारी मेहुण्याकडे दुपारचं जेवण होतं. टीव्हीवर सकाळपासून एकच बातमी चालू होती. सगळ्यांच्या लाडक्या क्रिकेट कॅप्टनला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपावरून पकडलं होतं.

"अजून सिद्ध कुठे झालंय?" मेहुणा म्हणाला.

मास्तर हातातल्या ग्लाससकट उसळले. "सिद्ध काय व्हायचंय? स्वतःच सांगतोय की, म्हणे दोनच पेग घेतले होते! अशांचं लायसन्स फाडून तोंडावर फेकलं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या, तसा मास्तरांना आणखी चेव आला. मेहुण्याने ग्लास पुन्हा भरला.

निघताना बायको हळूच म्हणाली, "टॅक्सी करू या का?"

"अगं, दुनियेला गाडी शिकवतो मी! आणि घेतलेत किती? दोनच तर!"

चपला काढून ती स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या शेजारच्या सीटवर बसली.

चौकात गाडी जोरात गचका खाऊन बंद पडली. सिग्नल लाल होता. बंपरपासून हातभर अंतरावर एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होता. त्यांची मान काही वर होईना.



"घाबरू नका," बायको समोर बघतच म्हणाली, "ब्रेकवर माझा पाय आहे."