गुरुवारी मरणारी बॅटरी

रेडिओची बॅटरी पुन्हा गुरुवारीच मेली, आणि तीही नाटकातल्या सासूनं चंद्राला उंबऱ्याबाहेर ढकललं त्याच क्षणाला.

लालासाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढून जमिनीवर आपटला. घरात फेटा कशाला, असं कुणी विचारू नये. मुंबई स्टेशनवर नाटक लागलं की ते कोट-फेटा चढवूनच रेडिओपुढं बसायचे. आपल्याला ती माणसं दिसत नाहीत, पण त्यांना आपण दिसत असलो तर? मागं चंद्राला सासूनं उपाशी ठेवलं, तेव्हा त्यांनी रेडिओपुढं धपाट्याचं ताट ठेवलं होतं. सकाळी ताट रिकामं! मांजरानं खाल्लं म्हणणाऱ्या पाहुण्याला त्यांनी चहासुद्धा पाजला नाही.

"मानसिंग, रविवारी भरून आणलीस न्हवं बॅटरी?"

"व्हय आबा. इस्लामपूरचा दुकानदार म्हनतो, शनवारपातुर हूं की चूं करायची न्हाई."

"मग गुरवारी कशी मरती? आन् ह्यो स्टेशनाचा काटा रोज कोन हालवतंय?"

"उंदरं नाचत्यात पेटीवर," मानसिंगच्या आई, शालूबाई, चुलीपासून म्हणाल्या. "ती ब्याद थोरल्यानं आनली, तवापासनं घरात दुसरं बोलनंच न्हाई. मला तर त्या पेटीचं भ्याच वाटतं."

थोरला नाथाजी पलटणीत होता. सुट्टीवर येताना त्यानं हा रेडिओ आणला होता. साऱ्या गावात एवढाच. त्याच्यासाठी माजघरात जात्याशेजारी फळी मारली होती. मानसिंग धाकटा, आणि पोलिसात शिपाई. दर शनिवारी तो बॅटरी सायकलला बांधून इस्लामपूरला न्यायचा आणि रविवारी भरून आणायचा. बॅटरीतलं तेजाब सांडून त्याची एक सरकारी चड्डी आधीच चाळण झाली होती.

पण मानसिंगच्या मागं बॅटरीपेक्षा मोठं लचांड लागलं होतं. साल त्रेचाळीस. इंग्रज सरकारनं बंदी घातलेलं परदेशातलं एक स्टेशन पहाटे बातम्या देई, आणि दिवस उगवायच्या आत त्या बातम्या साऱ्या गावाच्या तोंडी असत. त्याहून वाईट म्हणजे, पोलीस ज्या ज्या ठिकाणी भूमिगतांना धरायला जात, तिथली चूल गरम आणि माणसं गायब.

फौजदारानं त्याला समोर उभं केलं होतं.

"गावात रेडिओ एक, आणि तो तुझ्या बापाचा. बातम्या लिहून कागद कोण वाटतंय ते शोध. मंगळवारी पुन्हा पाखरं उडाली, तर रेडिओ जप्त आणि तुझा पट्टा खाली."

मानसिंगनं चार दिवस बापावर पाळत ठेवली. कोटाचे खिसे उलटे केले, फेटा उलगडला, तंबाखूची चंची झटकली. चंचीत एक कागद सापडला, तो त्यानं दिव्याखाली धरला. कागदावर लालासाहेबांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'चंद्रे, माहेरी जा.'

रात्री तो बापाच्या अंथरुणाला आडवा झोपला. बाप सोप्यात रात्रभर गाई हंबराव्यात तसा घोरत होता. कागद नाही, शाई नाही, कुणाचं येणं-जाणं नाही. घरात लिहिता-वाचता येणारे दोघंच. एक घोरणारा आणि एक पाळत ठेवणारा. मग बातमी जाते कशी? आणि बॅटरी?

सोमवारी सांजंला जेवताना तो बोलून गेला. घरात नाही बोलायचं, तर कुठं?

"आई, उद्या पहाटंच निघायचंय. भैरोबाच्या दऱ्यात दबा धरनार हाय."

"अगं बया! किती जन?"

"दहा."

"धाच्या भाकरी थापू व्हय?"

"माझ्याच दे दोन. आन् ह्या टायमाला न्हाई गावली माणसं, तर पट्टा गेला माझा. रेडिओबी उचलत्याल."

लालासाहेबांचा घास हातातच राहिला. "आन् चंद्राचं काय?"

"न्हेऊ द्या," शालूबाई म्हणाल्या. "सुटंल पिडा." आणि त्यांनी लेकाच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

पहाटे मानसिंग उठला तेव्हा माजघरात जातं सुरू झालेलं होतं. ही घरघर तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला होता. आई हल्ली फार वेळ दळायची, आणि पीठ मात्र ओंजळभर निघायचं. म्हातारी झाली, दुसरं काय!

दाराआड बसून तो पायाला पट्ट्या गुंडाळू लागला. आज गावतील का माणसं? बापाचा रेडिओ राहील का? तेवढ्यात जातं थांबलं. जात्याशेजारच्या फळीकडून बारीक खरखर आली, मग बंद झाली. उंदरं, तो मनाशी म्हणाला. जातं पुन्हा फिरू लागलं, आणि आईनं ओवी धरली. जन्मभर त्यानं आईचा नुसता सूर ऐकला होता. शब्द कोण ऐकतं?

भैरोबाच्या दऱ्यामंदी आज शिपाई बसती दहा,
बंधवांनो माझ्या, तुमी नदीच्या पल्याड ऱ्हा.

भिंतीपलीकडं राहीबाईच्या जात्यानं तीच ओवी उचलली. तिच्या पलीकडं बनुबाईच्या. वेशीपर्यंत एकेक जातं जागं होत गेलं. मानसिंगच्या हातातली पट्टी सुटून घरंगळत उंबऱ्याबाहेर गेली. आत आईनं दाण्यांची मूठ जात्यात टाकली आणि दुसरी ओवी घेतली.

दहामंदी एक माझा, लांबूनच त्याला बगा,
खुळं हाय ल्येकरू, त्याला दगूड मारू नगा.