दहा सेकंद ‘आ’

कंपवाताच्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या ड्युलुथ शहरातल्या व्हर्ना लिंडक्विस्टला रोज सकाळी आठला फोनमध्ये दहा सेकंद ‘आ’ म्हणून आवाज रेकॉर्ड करायचा होता. तिसऱ्या आठवड्यात अभ्यासवाल्या ताशाचा फोन आला.

“व्हर्ना, आवाज घोगरा येतोय. उठल्या उठल्या गळा तसाच असतो. दुपारी एकची वेळ लावते.”

दुपारीही घोगराच आला. मग संध्याकाळी सहाची वेळ झाली. तरी तेच. ताशाने पुन्हा फोन केला.

“असं चाललं तर अभ्यासातून तुमचं नाव काढावं लागेल हं.”

“नाव नको काढूस, पोरी. तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. त्या कार्ट्यांवर ओरडून आवाज बसलाय, त्याला मी काय करू?”

“बसलाय कसला! पाच मिनिटं भांडताय माझ्याशी, आता कसा खणखणीत लागलाय! रेकॉर्ड करण्याआधी असंच कोणाशी तरी बोलत जा की.”

“कोणाशी?” व्हर्नाने विचारलं.

“अहो, कोणाशीही चालेल. शेजारी, दुकानदार, कोणीही.”

“वेळा कसल्या बदलतेस, ताशा? संध्याकाळी सहापर्यंत मी तोंडच उघडलेलं नसतं.”