विमलबाईंचं विरजण

जालना स्टेशनातून गाडी कधी हलली ते दीनानाथरावांना कळलंच नाही. फलाटावरचा चहाचा गाडा मागे सरकायला लागला, तेव्हा कळलं.

एकतीस वर्षं डिझेलचं इंजिन चालवलेल्या माणसाला गाडी सुटलेली कळू नये, ही काही बरी गोष्ट नव्हती. त्यांनी ओठ आवळले आणि समोरच्या फळीवर ठेवलेल्या स्टीलच्या डब्याकडे बघितलं. डब्यात कोमट दूध होतं, आणि त्यात बायकोनं, विमलबाईंनी, भल्या पहाटे कालवलेलं चमचाभर विरजण.

ठाण्याला लेकीला, अंतराला, आठवा महिना लागला होता. बाळंतपणाला जायचं विमलबाईंच्या फार मनात होतं. पण पाठीच्या ऑपरेशननंतर त्या एकदाच रेल्वेत बसल्या आणि घरी येऊन महिनाभर अंथरुणाला खिळल्या. ही नवी विजेची गाडी सुरू झाल्यावर दीनानाथराव म्हणाले होते, "मी आधी जाऊन बघतो. मंग तू ये."

"तुम्ही काय बघणार? तुम्हाला डिझेलबिगर काही गोड लागत न्हाई," विमलबाई म्हणाल्या. "मी दही लावून देते. गाडी हिसके देते का, ते बराबर सांगंल. लागलं तर मी येते, पाणी सुटलं तर न्हाई. आणि मांडीवर घ्यायचं न्हाई, फळीवरच ठेवायचं."

शेजारी कनिका बसली होती, जालन्यातल्या एका बियाण्याच्या पेढीवाल्याची सून. तिनं डब्याकडे बोट केलं. "अंकल, यात काय आहे?"

"दही. अजून व्हायचंय."

मग सगळी हकिकत सांगणं आलं. ती सांगता सांगता दीनानाथरावांनी गाडीची उणी काढायलाही सुरुवात केली. "शंभर किलोमीटरला ठीक आहे हो. लांब पल्ल्याला माणसाला आडवं व्हायला बर्थ लागतो. इथं नुसत्या खुर्च्या."

"अंकल, आडवं व्हायचं मनात येतं तोवर नाशिक येतं. मी महिन्यातून दोनदा जाऊन राह्यले."

दीनानाथरावांनी डोळे मिटले आणि कान लावला. ब्रेक कुठे लागतो ते पकडायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. त्यांच्या काळी इंजिन पुढून ओढायचं आणि हिसका एकेका डब्यातून शेवटपर्यंत पोचायचा. शेवटच्या डब्यातली म्हातारी माणसं ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायची. इथं पुढे वेगळं इंजिनच नव्हतं. मोटारी डब्यांच्या पोटाखाली, सगळी गाडी एकसाथ निघते आणि एकसाथ थांबते. संभाजीनगरला त्यांनी डोळे उघडले, तर गाडी उभी होती.

"वा!" ते म्हणून गेले, आणि कुणी ऐकलं का ते बघायला इकडेतिकडे पाहिलं. कनिकानं ऐकलं होतं.

मनमाड आलं. इथं त्यांचं डिझेल सुटायचं आणि पुढे विजेचं इंजिन लागायचं. लागताना असा धक्का बसायचा, की वरच्या बर्थवरचा माणूस उठून बसायचा. त्यांची हद्द इथंच संपायची. आज गाडी दोन मिनिटं थांबली आणि पुढे निघाली. दीनानाथरावांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त कौतुक वाटलं.

गाडीतल्या एसीचा गारठा आता जाणवायला लागला होता. गारठ्यात दही लागत नाही. त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि डबा न हलवता त्याच्याभोवती गुंडाळला.

"हे काकूंच्या नियमात बसतं का?" कनिका हसत म्हणाली.

"थंडीचा दोष चाकांना कशाला?" असं ते म्हणाले खरं, पण आपण कुणाच्या बाजूनं बोलून राह्यलो हे त्यांच्याही ध्यानात आलं. दही लागावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

घाट उतरून कल्याण मागे पडलं आणि विमलबाईंचा फोन आला. "उघडा."

त्यांनी झाकण काढलं. डबा हळूच वाकडा केला. दही जागचं हललं नाही.

"लागलंय," ते म्हणाले.

"फोन शेजारच्या माणसाला द्या. तुमच्यावर माझा भरोसा न्हाई."

कनिकानं फोन घेतला, डब्यात वाकून बघितलं. "काकू, सुरी लावली तर वडी पडेल. बिलकुल पाणी नाही."

फोन परत दीनानाथरावांच्या कानाशी आला. मग विमलबाईंनी विचारलं, "मी माहेरी परभणीला दही न्यायचे, तुमच्याच गाडीनं. आठवतं?"

"आठवतं."

"कधी लागलं होतं का?"

"न्हाई," दीनानाथराव म्हणाले. "ताकच व्हायचं."

"मंग शनिवारचं तिकीट काढा."

ठाण्याला गाडी थांबली तरी ते उठले नाहीत. परीक्षा पुरी घ्यायची म्हणून तिकीट मुंबईपर्यंतचं काढलं होतं. मुंबईला उतरल्यावर मात्र ते माणसांच्या लोंढ्यातून वाट काढत थेट गाडीच्या तोंडाशी गेले. पोरगेलासा ड्रायव्हर पाठीला बॅग लावून खाली उतरत होता. दीनानाथरावांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला.

"साहेब, चमचा न्हाई. बोटानंच खा."

तो गोंधळला. "काका, हे काय?"

"विरजण माझ्या बायकोनं लावलं," दीनानाथराव म्हणाले. "दही तुम्ही होऊ दिलंत."