मुक्याची मुलाखत

टोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापिकेसमोर मुक्या बसला होता. कुणाजवळ तोंड उघडत नाही म्हणून टोळीनेच ठेवलेलं नाव. “मॅडम, तुमचा नियम परत सांगा.” “झालं ते गुपित राहील. पुढे कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर पोलिसांना सांगावंच लागेल. म्हणून तसलं बोलूच नका,” म्हणत तिने रेकॉर्डर बंद केला. त्याने तो पुन्हा चालू केला. “आज संध्याकाळी माझ्या दाजींना संपवायचंय. काम माझ्यावर आलंय. मी नाही म्हटलं, तर दुसरा जाईल.” ती पुढे झुकली. “अहो, तुम्हीच फोडलंत हे टोळीला कळेल!” “कळू दे. ताईला कोणत्या तोंडाने भेटू? लावा फोन.” तिने पोलिसांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, पण तिला शब्द फुटेना. मुक्याने फोन ओढून घेतला. “एक माणूस वाचवायचाय. पत्ता लिहून घ्या.”