सहावा आकडा

"काकू, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मेसेजमध्ये ओटीपी येईल, तो कोणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. हल्ली फार फसवाफसवी चालते."

फोन जेवणाच्या टेबलावर स्पीकरवर ठेवला होता. आवाज तरुण, अदबशीर. बाईंना बरं वाटलं. लेकीने बजावून बजावून हेच सांगितलं होतं, कोणी कितीही गोड बोललं तरी तो नंबर सांगायचा नाही म्हणून. इथे तर हा पठ्ठ्या स्वतःच सांगू नका म्हणत होता.

"मला नको शिकवूस रे बाबा," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखते."

"मग तर प्रश्नच मिटला. तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं की आमचं काम सोपं होतं."

सकाळीच त्यांनी फोनवरून एक उशी मागवली होती. मधोमध भोक असलेली, कानावर दाब येऊ न देणारी. दुकानात सांगितली त्याच्या निम्म्या किमतीत. कार्डावरचे सगळे आकडे भरून झाले आणि पैसे मध्येच अडकले. तासाभरात हा फोन आला. पाच मिनिटांत ओटीपी टाकला नाही तर ऑर्डर रद्द, टाकला तर उशी शनिवारी दारात. शनिवारी यायलाच हवी होती, कारण सोमवारी नवऱ्याच्या डाव्या कानाचं ऑपरेशन होतं. उजवा कान केव्हाच गेला होता. आणखी महिनाभर थांबलात तर डावाही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"कोण आहे गं?" समोर बसलेल्या नवऱ्याने घर दणाणून सोडत विचारलं.

उशीवाला, हे सांगायला बाईंनी गालाखाली तळहात धरून डोळे मिटून दाखवले.

"आत्ता? ही काय झोपायची वेळ आहे?"

बाईंना हसू आलं. पलीकडचा मुलगाही हसला. त्याला घरातलं सगळं छान ऐकू येत होतं.

मेसेज आला. चांगला चार ओळींचा होता. पण आकडा तेवढा उचलायचा, जोडून द्यायचा, बाकी कोण काय बोलतंय तिकडे कान द्यायचा नाही, ही एक्स्चेंजची शिस्त बाईंच्या हाडीमाशी खिळली होती. त्यांनी ओळी सोडल्या आणि सहा आकडे घेतले. पॅडवर ठसठशीत लिहिले, खाली रेघ मारली आणि पॅड फोनशेजारी ठेवला.

"लिहिलंत? मोठ्याने वाचू नका हं. आता फोनवरची आकड्यांची बटणं उघडा आणि तिथे दाबा. ते थेट मशीनला जातं. मला इथे काही म्हणजे काही दिसत नाही."

बाईंनी बटणं उघडली. सात. चार. चार. नऊ. दर बटणाला त्याचा त्याचा सूर वाजत होता. एक.

आणि त्यांचं बोट थांबलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्या डोळे मिटून बसायच्या. मैत्रिणी बटणं दाबायच्या आणि या नुसत्या सुरांवरून नंबर सांगायच्या. एकदाही चुकल्या नव्हत्या. याला दिसत नसेल, खरं आहे. पण दिसायची गरज काय?

त्यांनी वरून मेसेज ओढला आणि पहिल्यांदाच चारही ओळी वाचल्या. त्यातली रक्कम उशीची नव्हती. सोमवारी हॉस्पिटलात भरायची होती ती सगळीच्या सगळी होती, ठेव मोडून कालच खात्यात आणलेली. त्यांनी मेसेज वर सारला. खाली पुन्हा आकड्यांची बटणं आणि फोन बंद करायचं ते लाल बटण दिसू लागलं. दाबायला अर्धा क्षणसुद्धा लागला नसता. पण चौतीस वर्षांत त्यांनी कोणाचंही बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. हात जागचा हलेना.

"काकू," स्पीकरमधून आवाज आला. तितकाच अदबशीर. "एक आकडा राहिला."

तो मोजत होता.

नवरा मघापासून बघत होता. पॅडवर सहा आकडे, फोनवर पाच, आणि बायकोचं बोट अधांतरी. चौतीस वर्षं साऱ्या गावाला फोन जोडून देणाऱ्या बाईला एक बटण सापडू नये, याची त्याला मोठी गंमत वाटली.

"चष्मा बदल, चष्मा बदल म्हणतो तर ऐकशील तर शपथ," असं म्हणत तो टेबलावर वाकला.

"अहो, नको! नका दाबू!"

बाई जीव तोडून ओरडल्या. पण वाकताना त्याचा उजवा कान त्यांच्याकडे आला होता. त्याने पॅडवरचा शेवटचा आकडा नीट बघून घेतला आणि आठचं बटण नेमकं, ठाम दाबलं.

"धन्यवाद, काका," फोनमधला आवाज म्हणाला आणि लाईन तुटली.

नवरा सरळ होऊन बसला. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. त्याने डाव्या कानामागे हाताचा द्रोण धरला, बायकोकडे झुकला आणि विचारलं,

"काय म्हणाला?"